गर्भाशयातील गाठी आणि अनामिकांचे ऋण

गर्भाशयात फायब्रॉइडच्या, म्हणजे स्नायूंच्या, कर्करोग नसलेल्या गाठी असल्याचे निदान झाल्यापासून ज्यांनी मला आधार दिला, त्यांतील अनेकांची नावेही मला ठाऊक नाहीत. म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

पहिले ऋण सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचे. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवले की, बाहेरच्या बाजूची मोठी गाठ फारशी त्रासदायक नसून, गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणाऱ्या लहान गाठीमुळेच अंगावरून इतके जात आहे. ‘पिशवी काढून मोकळी हो’ असे सगळीकडून ऐकू येत असताना, बाह्यरुग्ण विभागातील तरुण डॉक्टरांनी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गाठींचा रक्तपुरवठा थांबवणारे एम्बोलायझेशन आणि केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया हे सर्व पर्याय समजावले. गाठी पुन्हा होऊ शकतात, रजोनिवृत्तीनंतर त्या बहुधा आकसतात, हेही लपवले नाही. एवढा वेळ रुग्णाला देणे हेच मी उत्तम वैद्यक मानते.

बाकावर शेजारी बसलेल्या मावशींनी स्वतः गर्भाशय काढून घेतले होते आणि त्या समाधानी होत्या, तरी ‘तुझं तू ठरव, बाळा’ एवढेच त्या म्हणाल्या.

हिमोग्लोबिन 7 वर आले असताना शिरेतून लोह देणाऱ्या सिस्टरांनी हाताखाली टॉवेलची घडी ठेवली आणि सलाइनची गती पुन्हा पुन्हा तपासली. पुढे पोकळीतली ती लहान गाठ दुर्बिणीतून काढण्यापूर्वी मला ज्यांचे रक्त चढवले, त्या अनोळखी रक्तदात्यांना माझा मनःपूर्वक नमस्कार.