अपडेट करा, पण बटनं जागची हलवू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

कुठलंही ॲप किंवा वेबसाइट घ्या, वापरून वापरून हात जरा बसला की एक दिवस अपडेट येतं आणि सगळं इकडचं तिकडे, खालचा मेनू वर गेलेला, सर्चचं भिंग गायब, 'सेव्ह' होतं तिथे आता 'शेअर' येऊन बसलेलं, आणि वर एक हसरा मेसेज की आम्ही आता आणखी सोपे झालोय. कुणासाठी सोपे ते काही लिहिलेलं नसतं. मग घरातली म्हातारी माणसं अडखळली की आपण म्हणतो त्यांना मोबाइल जमत नाही. अहो जमलेला असतो की, जमलेला तुम्ही बदलून टाकता!

ही कटकट तशी जुनीच आहे. विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमचं आपलं वेगळं राज्य होतं. लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये मदत हवी तर एफ१ ही की दाबायची, वर्डपरफेक्ट या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये एफ३, एकातून बाहेर पडायला आधी तिरकी रेघ दाबून मेनू काढायचा तर दुसऱ्यात एफ७, म्हणजे एक प्रोग्रॅम शिकलेला माणूस दुसऱ्यासमोर परत कोराच. यावर विचार करणारेही तेव्हाच होते. १९८१ साली आलेल्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर हलवा, कॉपी करा, पुसा यासाठी वेगळ्या कीज होत्या आणि तीच की अक्षरांवर चालायची, चित्रावर चालायची, अख्ख्या फाइलवरही चालायची. पुढे १९८४ ला ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर आला, त्यात मेनू कायम स्क्रीनच्या वरच्या पट्टीत, आणि ॲपलनं बाहेरच्या प्रोग्रॅमरनाही हेच नियम पाळायचा आग्रह धरला. आयबीएमनं १९८७ मध्ये प्रोग्रॅम कसे चालावेत याची आपली नियमावली काढली, एफ१ म्हणजे मदत आणि ऑल्ट एफ४ म्हणजे बंद, ही सवय तिथूनच विंडोजमध्ये आली. आज कंट्रोल सी, कंट्रोल व्ही कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चालतं आणि त्यासाठी कुणी पुस्तक उघडत नाही, पण हे आपोआप झालेलं नाहीये, कुणीतरी स्वतःची हौस बाजूला ठेवून दुसऱ्यासारखंच करायचं कबूल केलं म्हणून झालंय.

वेब आलं आणि पुन्हा ज्याची त्याची मर्जी सुरू झाली. सुरुवातीला निदान लिंक निळी आणि अधोरेखित असायची, मोझॅक ब्राउझरनं १९९३ मध्ये लावलेली ती सवय, आता लिंक कुठली, साधं वाक्य कुठलं आणि बटन कुठलं हे बोट लावून बघावं लागतं. जेकब नील्सन या तज्ज्ञानं १९९४ साली वापरसुलभतेची जी १० सूत्रं मांडली त्यात चौथं सूत्र सातत्याचंच आहे. त्याचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं, की लोक आपला बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर घालवतात, म्हणून तुमची साइटही त्यांना तशीच चालायला हवी असते. डिझायनर मंडळींना हे ऐकायला आवडत नसावं, कारण त्यांचा सगळा दिवस स्वतःच्याच साइटवर जातो.

सातत्य म्हणजे सगळं एकसारखं दिसायला हवं असं मात्र मी म्हणत नाही. जोनाथन ग्रुडिन या संशोधकांनी १९८९ मध्येच लिहून ठेवलंय की नुसत्या सातत्याच्या मागे लागू नका, माणूस काय काम करतोय ते बघा. बरोबरच आहे, 'डिलीट' हे 'सेव्ह'सारखं दिसूच नये, पण जे काही वेगळं दिसेल ते प्रत्येक स्क्रीनवर तसंच दिसू दे ना. विंडोजमध्ये 'ओके' डावीकडे असतं आणि 'कॅन्सल' त्याच्या उजवीकडे, मॅकमध्ये उलट. यातलं बरं कुठलं यावर लोक तासन्तास भांडतात, माझ्या मते दोन्ही चालतील, चालणार नाही ते एकच, एकाच ॲपमध्ये आधीच्या पानावर जिथे 'पुढे' होतं तिथेच नंतरच्या पानावर 'रद्द करा' ठेवणं, कारण तोवर डोळे थांबलेले असतात आणि बोट सवयीनं जातं, भरलेला फॉर्म गेला! काही जण तर हे मुद्दाम करतात, सबस्क्रिप्शन बंद करायच्या पानावर नेहमीच्या 'हो'च्या जागी मोठ्ठं रंगीत 'चालू ठेवा' लावतात. याला मी सरळ लबाडी म्हणतो.

आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचं काय? स्क्रीन रीडर हा प्रोग्रॅम पानावरची एकेक गोष्ट वाचून दाखवतो, माणूस क्रम लक्षात ठेवतो की मेनूनंतर सर्च, मग बातम्या, तो क्रम हलला की परत पहिल्यापासून ऐकत बसा. कमी दिसणारे स्क्रीन मोठी करून एका वेळी एकच कोपरा बघतात, त्यांनी नेहमीच्या कोपऱ्यात सर्च शोधावा आणि तो तिथे नसावा. वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता नियमांत २००८ पासून लिहिलंय की मेनूचा क्रम सगळ्या पानांवर एकच हवा आणि एकच काम करणाऱ्या गोष्टीची ओळख सगळीकडे एकच हवी, २०२३ च्या आवृत्तीत मदतीची सोयही प्रत्येक पानावर त्याच क्रमानं यावी असं घातलंय. आहे सगळं कागदावर.

बदल करूच नका असं नाही हो. ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं वर्ड, एक्सेलमधले मेनू काढून रिबन, म्हणजे बटनांची रुंद पट्टी आणली, लोक वैतागले, पण कंट्रोलचे शॉर्टकट जसेच्या तसे चालत राहिले आणि ज्यांचे हात कीबोर्डवर बसले होते त्यांचं काम अडलं नाही. त्याच कंपनीनं २०१२ मध्ये विंडोज ८ आणताना विंडोज ९५ पासूनचं स्टार्ट बटन उडवलं आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये निमूटपणे परत आणून ठेवलं.

जाता जाता तुम्हालाही एक विनंती. पेपरमध्ये ॲप आणि सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू येतात त्यात नवीन फीचर्स किती, रंग कसे, स्पीड किती हे सगळं असतं, त्यात एक ओळ याचीही टाका की आधीच्या व्हर्जनमधलं काय काय जागेवर राहिलं आणि काय शोधावं लागतंय. आमच्यासारखे लोक तीच ओळ आधी वाचतील, अपडेटचं बटन नंतर दाबतील.

आपला,
एक नियमित वाचक