ऑलिव्हर कड्यावरून पडला आणि पुढचे ४२ दिवस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी सुपरहिरो मालिका ऐन रंगात आल्या की महिना-दीड महिना गायब होतात आणि हा निव्वळ वाहिन्यांचा हावरटपणा आहे, अशी तक्रार करणारं पत्र गेल्या आठवड्यात आपल्याकडे वाचलं. त्या वाचकाचा वैताग मला कळतो, मीही तो पुरेसा केलेला आहे. पण हावरटपणाचा आरोप अर्धाच खरा.

‘ॲरो’ या अमेरिकन सुपरहिरो मालिकेचा तिसरा सीझन घ्या. ८ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाला, १३ मे २०१५ ला संपला. मोजून ३२ बुधवार, आणि भाग होते २३. म्हणजे नऊ बुधवार कोरडे जाणारच होते, प्रश्न एवढाच की कुठले. त्यात तासाभराच्या एका भागाच्या चित्रीकरणालाच साधारण आठ दिवस लागतात आणि कामाचा आठवडा पाच दिवसांचा. व्हँकुव्हरमध्ये उन्हाळ्यातच कॅमेरा सुरू करून काही भाग शिलकीत ठेवतात. पण खर्च दर आठवड्याला एक आणि भर त्याहून कमी, मग डिसेंबरपर्यंत शिल्लक तळाला जाते. पगार आणि महिनाअखेर, दुसरं काय!

हावरटपणा येतो तो पुढे. अमेरिकेत नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांतल्या नील्सन या कंपनीच्या प्रेक्षकमोजणीवर स्थानिक केंद्रांचे जाहिरातीचे दर ठरत आले. साहजिकच ताजे भाग त्या महिन्यांसाठी राखून ठेवायचे आणि सुट्ट्यांच्या दिवसांत खंड पाडायचा. हे गणित वाहिन्यांच्या अंगाशीही येतं. ‘हीरोज’च्या पहिल्या सीझनमध्ये ५ मार्च ते २३ एप्रिल २००७ असे सात आठवडे नवा भाग नव्हता. मालिका परतली तेव्हा प्रेक्षक घटलेले होते. एबीसी वाहिनीने यावर बरी तोड काढली. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ डिसेंबर २०१४ मध्ये थांबली आणि त्या जागी जानेवारीपासून ‘एजंट कार्टर’चे आठ भाग दाखवले. ते संपले आणि ३ मार्चला शील्डवाले हजर. पाहुणे गेले, घरचे आले.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. ‘ॲरो’च्या १० डिसेंबर २०१४ च्या भागात खलनायक रास अल घूल नायक ऑलिव्हरच्या आरपार तलवार घालतो आणि लाथ मारून त्याला बर्फाळ कड्यावरून ढकलतो. संपला भाग. पुढचा २१ जानेवारीला. आम्ही तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होतो (भाग आमच्यापर्यंत कुठल्या पेनड्राइव्हवरून यायचा ते विचारू नका). ते ४२ दिवस मेसच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. आमटी गार व्हायची, मेसच्या मावशी ताटं उचलायला येऊन उभ्या राहायच्या, आणि आमचं आपलं चालूच. मालिकेचं नावच ज्याच्यावरून, तो मरणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. वाद होता तो वाचणार कसा याचा. कॉमिक्स कोळून प्यायलेला आमचा एक मित्र ठामपणे म्हणाला, लाझरस कुंड. मेलेल्याला उठवणारं ते पाणी रासच्याच ताब्यात असतं. त्यावर माझी त्याच्याशी मिसळीची पैज लागली. जानेवारीत ऑलिव्हर जगला, पण कुंडाबिंडाने नाही. मासेओ या त्याच्या जुन्या मित्राने त्याला उचलून नेलं आणि मासेओच्या बायकोने, तात्सूने, वाचवलं. मिसळ मी खाल्ली, वर जादा पावही घेतले.

याउलट २० नोव्हेंबर २०१५ ला ‘जेसिका जोन्स’चे तेराच्या तेरा भाग नेटफ्लिक्सने एकदम सोडले. मालिका उत्तम होती. पण कोणी दोन रात्रींत संपवली, कोणी चौथ्या भागावर, कोणी अजून सुरूच केली नव्हती. टेबलावर कोणी तोंड उघडलं की दुसरा कानात बोटं घालायचा. सगळ्यांची बघून झाली तोवर बोलायची हौसच ओसरली होती.

तेव्हा खंड पडू नये असं मी म्हणणार नाही. परतीची तारीख मात्र आधी सांगावी. ४२ दिवस आम्ही मजेत काढले ते २१ जानेवारी माहीत होती म्हणून. खरा छळ २००७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पटकथालेखकांच्या संपाचा. तो १०० दिवस चालला, ‘हीरोज’चा दुसरा सीझन ११ भागांवर आटोपला आणि नवा भाग यायला सप्टेंबर २००८ उजाडला. तिथेही मी लेखकांच्याच बाजूचा, पण तारीख नसलेली वाट बघणं वाईटच.

जाता जाता, त्या पैजेचा निकाल अजून वादात आहे. त्याच सीझनमध्ये पुढे लाझरस कुंड आलंच, फक्त त्यात उतरवली ती ऑलिव्हरच्या बहिणीला, थीयाला. ‘कुंड येणार म्हटलं होतं, आलं की नाही?’ असं म्हणत मित्र मिसळीचे पैसे परत मागतो. मी देणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे