शिवरात्रीच्या आधी बेल्ट बदलूया, बाबा

पुणे
12 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या इंडिकाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टा, बदलण्यावरून परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. "चालू गाडीला कामून हात लावायचा?" असं म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात आणि आईनं पापडांचा विषय काढला. म्हणून आज लिहायला बसले. पत्र तुम्ही दोनदा वाचता, हे मला माहीत आहे.

दिवाळीत आले होते तेव्हा तुमची निळी डायरी चाळली होती. त्यात तुमच्या अक्षरात आहे: 17 मे 2017, टायमिंग बेल्ट, 52,400. आता मीटरवर 83,900 आहेत. म्हणजे बेल्ट साडेएकतीस हजार किलोमीटर चालला, अजून निम्माही झिजला नाही, असं तुमचं म्हणणं. किलोमीटरचा हिशेब बरोबरच आहे. पण तो बेल्ट रबराचा आहे, आणि रबर नुसतं उभ्या उभ्यासुद्धा म्हातारं होतं. येत्या मे महिन्यात त्याला आठ वर्षं पूर्ण होतील. आठ उन्हाळे, तेही आपल्या अंबाजोगाईचे, पत्र्याच्या शेडखाली. आई, पाहुण्यांसाठीचा मोठा कुकर तू वर्षातून चारदा काढतेस, तरी त्याची रिंग कडक होतेच ना? तसंच हे. म्हणून कंपन्या बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे देतात आणि त्यातला जो आधी भरेल तो धरायचा असतो. पुष्कळ गाड्यांना साठ हजार ते लाखभर किलोमीटर, किंवा पाच-सहा वर्षं. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे किलोमीटर आधी भरतात. आपल्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीची वर्षं आधी भरतात, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

तुम्ही म्हणालात, वरचं झाकण काढून पाहिलं, बेल्ट नव्यासारखा दिसतोय. पाहिलंत ते चांगलंच केलं. चिरा, उडालेला दात, उसवलेली कड किंवा तेलाचा ओलावा दिसला असता तर गाडी तिथेच उभी करायची होती. पण आतमध्ये काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात, सगळा ताण त्या सोसतात आणि त्या वरून दिसत नाहीत. चांगला दिसणारा बेल्टही तुटतो.

शेजारच्या काकांचं उदाहरण तुम्ही दिलंत: त्यांची स्विफ्ट डिझेल दीड लाख चालली, त्यांनी कधीच बेल्ट बदलला नाही. बदलतील कुठून? त्या गाडीच्या 1.3 लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट नाहीच, तिथे लोखंडी चेन आहे. ती इंजिनच्या तेलात भिजत फिरते. आपल्या इंडिकाच्या 1.4 डिझेलला कोरडा रबरी बेल्ट आहे. त्यांचं बरोबर आणि तुमचंही बरोबर असं इथे होत नाही, कारण दोन गाड्यांची पोटंच वेगळी आहेत.

आजोबांच्या गिरणीचा पट्टा निसटला की पीठ थांबायचं. आजोबा पट्टा चढवायचे की गिरणी पुन्हा चालू. तुमच्या मनात बेल्ट म्हणजे तसा पट्टा आहे, असं मला वाटतं. टायमिंग बेल्टचं काम वेगळं आहे. खालचा क्रॅंक, म्हणजे पिस्टननी फिरणारा दांडा, दोन फेरे घेतो तेव्हा वरच्या कॅमचा, म्हणजे वॉल्व (झडपा) उघडणाऱ्या दांड्याचा, एक फेरा व्हायला हवा, आणि हा ठेका बेल्टच्या दातांनी राखलेला असतो. पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली होणारा दट्ट्या, वर यायच्या आत वॉल्व मिटलेले पाहिजेत. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबायची असते की पिस्टन वर आल्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, काही वॉल्व उघडेच राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांना धडकतो. वॉल्व वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो. मग हेड, म्हणजे इंजिनचा वॉल्व असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्ट त्याआधी आवाज करून सांगेलच असं नाही.

एक गोष्ट तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी घेतलेली जुनी गाडी आठवते ना? विकणाऱ्यानं बेल्ट बदललाय म्हणून सांगितलं, पावती दाखवली नाही, आणि मी ऐकून घेतलं. भिगवणच्या पुढे रात्री नऊला, मागे लेक झोपलेली, आणि इंजिन एकदम गप्प झालं. स्टिअरिंग जड झालं, दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागलं. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. गाडी कशीबशी कडेला घेतली. सोळापैकी सहा वॉल्व वाकले होते, बत्तीस हजार रुपये आणि अकरा दिवस गेले. पैशाचं मी विसरले. तो ट्रॅक्टर अजून स्वप्नात येतो. तिथे तुम्ही स्टिअरिंगवर आणि आई शेजारी असं डोळ्यांसमोर येतं, आणि मग झोप लागत नाही.

खर्चाचं तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे. गाडी 2012 ची, 2027 ला पंधरा वर्षं भरतात, मग पासिंग करून पाच वर्षं वाढवायची की मोडीत द्यायची हे तुम्ही ठरवाल. म्हणून आता पैसे कशाला घालायचे? पण मधली दोन वर्षं आईच्या डोळ्यांसाठी संभाजीनगरच्या चकरा आहेतच. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, पाचोड, एवढा रस्ता, आणि बराचसा उन्हाचा. आपल्या मिस्त्रींना मी फोन केला होता. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक), आयडलर (बेल्टला वाट दाखवणारं चाक) आणि मजुरी धरून सहा हजारांच्या आत बसेल म्हणाले. गाडी पुढच्याच वर्षी विकायची असती तरी मी हेच सांगितलं असतं.

नुसता बेल्ट बदलू नका. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो. कॅमचं नाहीतर क्रॅंकचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही आत्ताच टाकून घ्यायचं, कारण तेल लागलेलं रबर फुगतं. खुणा जुळवून बेल्ट बसवल्यावर मिस्त्रींना इंजिन आधी पान्यानं हातानं दोन फेरे फिरवायला सांगायचं, कुठे अडत नाही ना बघायचं, मगच चावी. पावती डायरीत चिकटवा.

आणि बाबा, बॅटरी उतरली की तुम्ही उतारावरून गाडी ढकलून गिअरमध्ये टाकता, ते तोवर बंद. त्या झटक्यानं जुना बेल्ट एखादा दात सोडू शकतो. बॅटरीही बघून घेऊ.

26 तारखेला महाशिवरात्र आहे, दरवर्षीसारखं परळीला वैजनाथाला जायचं तुमचं ठरलेलं असणार. मी शुक्रवारी, 21 ला रात्रीच्या बसनं निघते. शनिवारी सकाळी दहाला मिस्त्रींकडे गाडी लावायचं मी बोलून ठेवलं आहे. डबा घेऊन तिथेच बसू, काम पूर्ण होईपर्यंत. शनिवारपर्यंत गाडी भाजी आणायला घेऊन जा हवं तर, पण गावाबाहेर काढू नका. परळीला जाताना मीच चालवीन, तुम्ही शेजारी बसा. आईला मागे पाय पसरून बसता येईल.

आई, शनिवारच्या डब्यात मेथीचे धपाटे कर. आणि संभाजीनगरच्या तपासणीची फाइल काढून ठेव, मला पाहायची आहे.

तुमची लेक