तीनशे म्हणजे दीडशे

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
१८ जानेवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

वहिनीच्या करपलेल्या ग्रॅनोलाच्या ट्रेचा फोटो पाहिला. दादाने खाली ‘लालबागचा स्पेशल कोळसा’ असं लिहून पाठवलंय, तेही पाहिलं. वहिनीला काही बोलू नका, चूक सगळी माझी आहे. मी फोनवर घाईघाईत ‘तीनशेवर ठेव’ म्हणाले. इथले ओव्हन फॅरनहाइटवर चालतात, आणि ३०० फॅरनहाइट म्हणजे आपलं जेमतेम १५० सेल्सिअस. आपल्या ओटीजीचा, म्हणजे घरातल्या छोट्या ओव्हनचा, सेल्सिअसचा आकडा २५०ला संपतो, म्हणून तिने बिचारीने बटण शेवटपर्यंत फिरवलं. पाव किलो बदाम गेले ना? मी आले की क्रॉफर्ड मार्केटमधून आणून देईन.

म्हणून आता फोन नको, पत्रच लिहिते. तुझ्या वहीत चिकटवून ठेव, चकलीच्या भाजणीच्या पानाशेजारी.

तू विचारलंस, ग्रॅनोला म्हणजे नक्की काय. आई, तो ओट्सचा चिवडा आहे. फोडणी नाही आणि गोडसर आहे, एवढाच फरक. गंमत म्हणजे त्याचा जन्म माझ्या इथून तासाभराच्या वाटेवरचा. दक्षिणेला डॅन्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथे डॉ. जॅक्सन नावाचे गृहस्थ पाण्याच्या उपचारांचं आरोग्यधाम चालवायचे. त्यांनी १८६३ साली कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची जाड भाकरीसारखी वडी भाजली, ती फोडून पुन्हा भाजली आणि नाव ठेवलं ‘ग्रॅन्युला’. इतकी कडक, की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दात लागत नसे. पुढे मिशिगनमधल्या डॉ. केलॉगनी तसाच पदार्थ त्याच नावाने काढला, जॅक्सन यांनी हरकत घेतली, आणि एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ झाला. ओट्स, मध आणि सुका मेवा त्यात आले ते थेट १९६०च्या दशकात. बाबांना हे वाचून दाखव, त्यांना असल्या भानगडी आवडतात.

आता कृती. ओट्स चपटे, अख्खे घ्यायचे, जाड पोह्यांसारखे दिसणारे. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स आणू नका, भुगा होतो. तीन वाट्या ओट्स, एक वाटी बदाम, शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया मिळून, दोन चमचे तीळ, थोडे खोबऱ्याचे काप. पाव वाटीपेक्षा थोडं जास्त तेल आणि तेवढीच काकवी. मी इथे मेपलचा पाक घालते, पण तो तिकडे आणायचा खटाटोप कशाला? काकवीची चव मला तर जास्तच आवडते. तेल आणि काकवी एकत्र कोमट करायची, पातळ होण्यापुरती. चिक्कीसारखा पाक करू नकोस, तुझा हात आपोआप तिकडे जाईल म्हणून सांगते. त्यात पाऊण चमचा मीठ आणि सुंठ किंवा दालचिनी. मीठ विसरलात तर सगळं मिळमिळीत लागतं.

सगळं हाताने चोळून ट्रेवर पातळ पसरायचं, १५० सेल्सिअसवर, मधल्या खाचेत. पंधरा मिनिटांनी एकदाच हलवायचं आणि उलथन्याने दाबून बसवायचं. ओटीजी लहान असतो, कडा लवकर करपतात, म्हणून वीस मिनिटांनंतर तिथून हलू नका. सोनेरी रंग आला की काढायचं. बाहेर आल्यावर ते मऊच लागेल आणि वहिनीला वाटेल कच्चं राहिलं. नाही राहिलेलं. पाक गार होताना कडक होतो आणि मग कुरकुरीत गोळे पडतात.

हे मला कुणी शिकवलं माहीत आहे? पहिल्या वेळी मी गरम गरमच बरणीत भरलं आणि सकाळी सगळं सादळलेलं. तेव्हा दिवाळीतला तुझा ओरडा आठवला, ‘अगं, वाफ जाऊ दे, मग डब्यात भर.’ पोहे मंद आचेवर ठेवून ढवळत बसायला तू लावायचीस, तेव्हा मी किती वैतागायचे! आता ओव्हनसमोर स्टूल घेऊन तेच करते.

बेदाणे, अंजीर, खजूर सगळ्यात शेवटी, गार झाल्यावर. आधी घातले तर खडे होतात.

आता बाबांचं. ‘हेल्दी’ म्हणून दादा जो डबा आणतो, त्याच्या मागची बारीक अक्षरं वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ओट्सच्या पाठोपाठ साखर दिसली, की काय ते समज. घरचा बरा तो एवढ्याचसाठी, की गोड किती घालायचं ते आपल्या हातात राहतं. पण काकवी, मध, गूळ हीसुद्धा साखरच, त्यामुळे बाबांसाठी काकवी निम्मी करा. गोळे कमी पडतील, पडू देत. ओट्सच्या तंतूंनी कोलेस्टेरॉलला मदत होते हे खरं, पण सुका मेवा आणि तेल आहे, तेव्हा वाटी भरून नको. एक मूठ, साध्या दह्यावर. त्यांची मूठ केवढी होते ते मला ठाऊक आहे, तेव्हा मूठ तुझी धर.

डबा घट्ट झाकणाचा, चकलीचा घे. पावसाळ्यात आठवड्यापुरतंच करा, मुंबईच्या हवेत जुलैमध्ये काहीच कुरकुरीत राहत नाही. सादळलंच तर १२० वर दहा मिनिटं ठेवून पुन्हा गार करायचं.

इथे आज उणे अकरा आहे, खिडकीवर बर्फ साचलाय. भाजतानाचा वास घरभर असतो, तेवढीच ऊब.

वहिनीला म्हणावं, रविवारी पुन्हा कर, आणि ट्रे बाहेर काढल्यावर अर्धा तास कुणाला हात लावू देऊ नकोस. दादाला तोवर दूध आणायला पाठवा.

बाबांना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझी,
मनू