चिक्कोडीच्या रस्त्यावर स्कूटर काढण्यापूर्वी

निपाणी,
रविवार, रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू स्कूटरचा विषय काढलास आणि मी "बघू" म्हणून तो टाळला, याचे तुला वाईट वाटले असणार. तुझी आई मला म्हणाली, "नाही म्हणायचे असेल तर सरळ नाही म्हणा, पोरीला ताटकळत ठेवू नका." मला नाही म्हणायचे नाही. धारवाडचे प्रशिक्षण संपवून तू चिक्कोडीला रुजू होशील, तेव्हा निपाणी ते चिक्कोडी हे पंचवीसेक किलोमीटर तुला रोज जाऊन-येऊन करायचे आहेत. शक्ती योजनेमुळे 2023 च्या जूनपासून तुम्हा बायकांना सरकारी बसचे तिकीट लागत नाही हे खरे. पण सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि मग मुली वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपच्या, मागच्या फळीवर लोंबकळत जातात, हेही मी दुकानातून रोज पाहतो. तेव्हा स्कूटरची गरज मला पटली आहे. परंतु जे फोनवर नीट सांगता येत नाही ते सांगितल्याशिवाय माझ्याने गाडीचे पैसे भरवणार नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

आपले कृषी सेवा केंद्र अगदी फाट्यावर असल्यामुळे आसपास अपघात झाला की पोलीस पंच म्हणून मला बोलावतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तिथे जाऊन मी काय करतो, हे मात्र मी घरी कधी सांगितले नाही. तिथे मी टेप धरतो. एक टोक पोलिसाच्या हातात आणि एक माझ्या. रस्त्याच्या कडेपासून गाडीपर्यंत किती, ब्रेकचा काळा ओरखडा किती लांब, चप्पल कुठे पडली आणि माणूस कुठे पडला होता, असे एकेक अंतर मोजून कागदावर घेतात. पंचनामा कन्नडमध्ये असतो. सुरुवातीला मी तो वाचून दाखवायला सांगत असे आणि मग सही करत असे. आता मला तो स्वतः वाचता येतो, आणि माझे कन्नड असल्या कागदांवर पक्के झाले याचे मला अजून वाईट वाटते.

एक पंचनामा तुला सांगतो. तो मुलगा तुझ्याच वयाचा होता. संध्याकाळी सात-साडेसातची वेळ, रस्ता सरळ, डांबर नवे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चाक पंक्चर होऊन तिथेच उभा होता. चालकाने चाकांखाली दगड लावले होते आणि मागे बाभळीचा एक फांदा टाकून तो जॅक आणायला गेला होता. मागच्या ट्रॉलीचा दिवा फळीच्या बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांखाली झाकला गेला होता. मुलाची मोटारसायकल थेट त्या उसात शिरली. आम्ही टेप धरली तेव्हा रस्त्यावर ब्रेकचा ओरखडा नव्हताच, म्हणजे त्याला ट्रॉली दिसलीच नव्हती. मोटारसायकलच्या आरशाला हेल्मेट अडकवलेले होते. त्याला एक चरासुद्धा गेला नव्हता. ते हेल्मेट जप्तीच्या यादीत लिहिले गेले आणि त्या यादीखाली मी सही केली.

इतक्या वर्षांत टेप धरताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आहे, आणि या पत्रात मला मुख्यतः तीच सांगायची आहे. अपघात अचानक होतो, हे ज्याला तो होतो त्याच्यापुरते खरे असते. रस्त्याकडे वर्षानुवर्षे बघणाऱ्याला तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या महिन्यांत आणि ठरलेल्या वेळी होताना दिसतो. लोक "वेळ आली होती" म्हणतात आणि उठून घरी जातात. मला तसे म्हणवत नाही, कारण पुढच्या हंगामात त्याच वळणावर मी पुन्हा टेप धरलेली असते.

आपल्या भागात अपघातांचा हंगाम साखर कारखान्यांच्या गळिताबरोबर सुरू होतो. नोव्हेंबर लागला की तोडणीच्या टोळ्या फडात उतरतात आणि मार्चपर्यंत निपाणी–मुधोळ रस्ता, म्हणजे तुझा चिक्कोडीचा रस्ता, दिवसरात्र उसाच्या वाहनांनी भरलेला असतो. उसाचे पैसे आपल्या घरात येतात, आपल्या दुकानाची उधारीही त्याच पैशातून फिटते, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देणे मला जमत नाही. खेप जितकी जास्त तितकी त्याची कमाई. काट्यावर नंबर लागेपर्यंत तो तासन्‌तास जागा असतो आणि परतीच्या वाटेवर पेंगत असतो. परंतु भरल्या ट्रॉलीचा वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर असतो, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी, आणि पंक्चर काढून तो निघून गेल्यावर चाकांखालचे दगड रस्त्यावर तसेच राहतात. त्या दगडांवरून पडलेल्या दुचाकी मी स्वतः उचलल्या आहेत. पहाटे दव पडले की रस्त्यावर चिरडलेला ऊस आणि पाचट यांचा निसरडा थर होतो, तोही तुला सकाळी लवकर निघताना लागेल.

माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेसाठी बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे रस्त्याला येतात. मे महिन्यात लग्नांच्या गाड्यांची घाई असते. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन चाक घसरते, शिवाय शेतातून बाहेर पडणारी चाके चिखल घेऊनच डांबरावर चढतात. हे तू आपल्या दारातून पाहिले आहेस, म्हणून त्याचा विस्तार करत नाही.

थोडा हिशेब मात्र कर, तू गणितात चांगली होतीस. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे 25 मीटर तर ब्रेक लागण्याआधीच संपतात. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी तितकेच अंतर लागते. हे 50 मीटर झाले. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना स्कूटरच्या खालच्या झोतात दिवा नसलेली ट्रॉली तीस-चाळीस मीटरच्या पलीकडे दिसत नाही. हाच हिशेब ताशी 40 ला केलास तर गाडी 30 मीटरच्या आत उभी राहते. त्या मुलाच्या आणि ट्रॉलीच्या मधला सगळा फरक या दोन आकड्यांत होता, असे मला वाटते.

तू म्हणशील, बाबा एका प्रसंगावरून घाबरले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशभरातल्या अपघातांचा अहवाल काढते, तो मी मिळवून वाचला आहे. 2021 मध्ये देशात 1,53,972 माणसे रस्त्यावरच्या अपघातांत गेली आणि 2022 मध्ये 1,68,491, म्हणजे दिवसाला चारशे साठहून अधिक. आपल्या कर्नाटकात 2021 मध्ये 10,038 आणि 2022 मध्ये 11,702. देशभरात मरण पावलेल्यांपैकी 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले आहेत, आणि 67 टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले आहेत. आपल्याकडे जो तो तवंदी घाटाचे नाव काढतो, आणि घाटात ट्रकचे ब्रेक निकामी होतात हे खरेच आहे. पण घाटात माणूस सावध असतो, सरळ रस्त्यावर तो निर्धास्त होतो. तुझा रस्ता बराचसा सरळ आहे.

आकड्यांबद्दल आणखी एक सांगायचे आहे, कारण गावातल्या बैठकीत हा विषय निघतो तेव्हा सगळे इथेच चुकतात. देशाचा किंवा राज्याचा आकडा मोठा असतो, त्यामुळे त्याचा चढ-उतार काहीतरी सांगतो. आपल्यासारख्या लहान गावात एखाद्या रस्त्यावर एका वर्षी चार माणसे गेली आणि पुढच्या वर्षी दोन, तर "यंदा निम्म्यावर आले" असे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नसतो. एक भरलेली जीप उलटली तर तिसऱ्या वर्षी तोच आकडा दहावर जाईल आणि रस्ता मात्र तिन्ही वर्षे तोच असेल. म्हणूनच राष्ट्रीय महामार्गावरची धोक्याची जागा, ज्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात, ती ठरवताना सरकार तीन वर्षांचा हिशेब धरते: सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा एकूण दहा मृत्यू. नियम ठीक आहे, पण तो माणसे जाण्याची वाट पाहतो याचे मला दुःख होते. त्याआधी त्याच जागी कितीतरी दुचाक्या घसरलेल्या असतात, कोपरे-गुडघे फुटलेले असतात, आणि ते सगळे आपसांत मिटते. नुकसानभरपाईचे पाचशे-हजार देऊन-घेऊन लोक निघून जातात आणि कुठल्याच कागदावर त्याची ओळ उमटत नाही. म्हणून मी आता दुकानाच्या रोजमेळाच्या मागच्या पानांवर अशा पडझडींची जागा आणि वेळ लिहून ठेवतो. गेल्या वर्षी ती पाने घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी चहा दिला, पाने परत दिली. यंदा पुन्हा जाणार आहे. दरम्यान खत न्यायला दुकानी जो ट्रॅक्टर येतो त्याच्या ट्रॉलीला मी आमच्या खर्चाने लाल रेडियमची पट्टी चिकटवून देतो. उसाच्या शेंड्यांत झाकली जाऊ नये म्हणून ती फळीच्या खाली, चाकांच्या उंचीवर लावतो.

हेल्मेटबद्दल तुझी कुरकूर मला माहीत आहे: केस, घाम, मान दुखणे. 2022 च्या त्याच अहवालात हेल्मेट न घालता मरण पावलेल्यांची संख्या 50,029 दिली आहे आणि त्यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. त्यामुळे मैत्रिणीला मागे घेशील तर दुसरे हेल्मेट हवेच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने लागतेच. चौकात पोलिसाला दाखवण्यापुरती जी अर्धी टोपी मिळते ती आपल्या घरात येणार नाही. आय.एस. 4151 हा क्रमांक आणि आय.एस.आय.ची खूण असलेले, हनुवटीपर्यंत झाकणारेच घ्यायचे, आणि पट्टा लावायचा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी उडून जाते. टेपने मी तेही अंतर मोजले आहे.

रस्त्यात दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर थांब. आपल्याकडची माणसे मनाने वाईट नाहीत, पण साक्षीच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यांच्या भीतीने लांब उभी राहतात. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले असून मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नसते. 108 किंवा 112 ला फोन कर, राष्ट्रीय महामार्गावर असशील तर 1033 ला. मान वाकडी करून उचलू नकोस, पाणी पाजू नकोस. 2025 पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळतात, हे नातेवाइकांना सांग. कोल्हापूर जवळ की बेळगाव, आणि पैसे कुठून आणायचे, या चर्चेत आपल्या सीमाभागात फार वेळ जातो.

आता आपले ठरवू. स्कूटर घेऊ. गळीत चालू आहे तोवर, म्हणजे मार्चपर्यंत, तू बसने जा. मी पहिल्या बसला तुला जागा धरून देईन, त्यात मला काही कमीपणा नाही. एप्रिलपासून गाडी काढ. कार्यालय सुटल्यावर उजेडात घरी पोहोचता येईल अशा बेताने निघ, आणि कामामुळे उशीर झालाच तर गाडी तिथेच ठेवून बसने ये किंवा मला फोन कर, मी घ्यायला येईन. किती वाजले आहेत याचा विचार करू नकोस. गाडी काढण्याआधी एका रविवारी आपण दोघे तो सगळा रस्ता सावकाश जाऊन येऊ. रोजमेळाची पाने मी बरोबर घेईन आणि कुठे शेतातली वाट एकदम डांबरावर येते, कुठे पुलाचा कठडा तुटला आहे, कुठल्या झाडाखाली ट्रॅक्टर उभे राहतात, ते एकेक जागी थांबून तुला दाखवीन. तू कंटाळलीस तरी चालेल.

हेल्मेट मी कोल्हापूरहून आणणार आहे. त्यासाठी शिवणकामाची टेप घेऊन भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोज आणि मला मिलिमीटरमध्ये कळव. दुकानात 560, 580, 600 अशी मापे असतात. मापापेक्षा सैल घेऊ नये आणि केस बांधून मोजावे, असे दुकानदाराने सांगितले आहे. एकटीने मोजू नकोस, मैत्रिणीला टेपचे दुसरे टोक धरायला सांग.

आईने चकल्या केल्या आहेत, येणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझे,
बाबा