ग्रंथपाल ताईंना, शब्द फोटोतच ठेवल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गडांच्या फोटोंना शोधायचे शब्द, म्हणजे टॅग, लावायचं काम तुम्ही हातावेगळं केलंत. आभार फोनवरही मानता आले असते. पण तुमच्याआधी ज्यांनी हेच काम ‘करून दिलं’, त्यांचा सत्कार चारचौघांत झाला होता. मग तुमचे आभार तरी कानात कशाला?

त्या पहिल्या गृहस्थांनी शब्द लावले नव्हते असं नाही. पण सगळे शब्द त्यांच्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये होते, फोटोच्या फाइलमध्ये एकही नव्हता. फोटो नव्या डिस्कवर आले आणि शब्द मागेच राहिले. दुसऱ्यांनी ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘रायगड खरं फायनल’ अशी फोल्डरं केली. वर जागा वाचावी म्हणून फोटो मेसेजिंग अ‍ॅपमधून फिरवून लहान केले. त्यात काढल्याची तारीख, कॅमेरा, जीपीएस सगळं गळून गेलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तरी वाचलं असतं. तिसरे म्हणाले, आता एआय ओळखतं सगळं, शब्द हवेत कशाला? एआयला तटबंदी ओळखता येते, कबूल. राजगडाची सुवेळा माची कोणती आणि संजीवनी कोणती, हे त्याला नुसत्या दगडांवरून विचारून बघावं.

तुम्ही आल्या आल्या संगणकाला हात लावला नाहीत, कागद मागितलात. त्यावर चार रकाने आखलेत: कुठे, काय, काय चाललंय, कोण. ‘केव्हा’ मुद्दाम वगळलंत, कारण तारीख कॅमेरा स्वतःच लिहितो आणि तिचा पुन्हा शब्द केला की दोन ठिकाणी दोन तारखा होतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या वर्गीकरणाची पाच अंगं ज्यांनी शिकली आहेत त्यांना हे नवीन नाही. पण फोटो सांभाळणारे बहुतेक जण थेट टॅग टंकायला बसतात, आणि वर्षभराने ‘टाके’, ‘टाकं’, ‘टाकी’, ‘पाण्याचे टाके’ असे चार शब्द एकाच वस्तूवर बसलेले असतात. तुमचा नियम साधा होता: वस्तूचं नाव एकवचनी, प्रमाण लेखनात, एकच. टाके, बुरूज, जंगी, देवडी, अंबरखाना, चुन्याचा घाणा, वीरगळ. बाकीची रूपं यादीत ‘पाहा’ म्हणून, म्हणजे ठरलेल्या शब्दाकडे बोट दाखवणारी.

गडांच्या नावांना मात्र तुम्ही सूट दिलीत, आणि ती योग्यच होती. सिंहगड शोधणारा कोंढाणाही टंकतो, तोरणा शोधणारा प्रचंडगड, विशाळगड शोधणारा खेळणा. म्हणून दोन्ही नावं फोटोवर. उलट एकाच नावाचे दोन गड असले की जिल्हा नावातच जोडायचा: ‘माणिकगड रायगड जिल्हा’ आणि ‘माणिकगड चंद्रपूर जिल्हा’. कारण शब्दांची उतरंड, म्हणजे महाराष्ट्राखाली जिल्हा आणि जिल्ह्याखाली गड, प्रत्येक प्रोग्रॅमला कळतेच असं नाही. लाइटरूम आणि डिजिकॅम हे फोटो सांभाळायचे प्रोग्रॅम ती आपापल्या रकान्यात लिहितात. साधे प्रोग्रॅम फक्त सपाट यादी वाचतात. त्या यादीत वरचे शब्द गेले नसले की नुसता ‘माणिकगड’ उरतो, आणि तो कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. स्वल्पविराम आणि अर्धविरामाला तुम्ही बंदी घातलीत तीही याच धर्तीची: ‘तट, पूर्व’ लिहिलं की त्याचे दोन शब्द होतात, आणि ‘पूर्व’ जगातल्या सगळ्या पूर्वांना जाऊन चिकटतो.

देवनागरीतल्या खोड्या तर आधीच्या कुणालाच दिसल्या नव्हत्या. ‘पायऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकदा नुक्त्याचा ऱ घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द, म्हणून निम्म्या पायऱ्या सापडतच नाहीत. उपाय एकच, शब्द हाताने टंकायचा नाही, यादीतून उचलायचा.

दुसरी खोडी लांबीची. फोटोत शब्द दोन ठिकाणी लिहिले जातात: फाइलीत माहिती लिहायच्या जुन्या आयपीटीसी साच्यात आणि नव्या एक्सएमपी साच्यात. जुन्या साच्यात एका शब्दाला ६४ बाइट एवढीच जागा, आणि युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, वेलांटी आणि हलन्त धरून, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. ‘हरिश्चंद्रेश्वर मंदिर’ ६१ बाइटांत बसतं. त्याला ‘परिसर’ जोडला की ७७ होतात आणि शेपूट कापलं जातं. इंग्रजीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एक्सएमपीला ही मर्यादा नाही, तरी शब्द आखूड ठेवायचे हे तुम्ही ठरवलंत, कारण पुढे कोण कुठल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडेल हे आपल्या हातात नाही.

कामाचा क्रमही लिहून ठेवावासा वाटतो. आधी हललेले आणि दुबार फोटो काढून टाकले. जो फोटो ठेवायचा नाही त्याला शब्द कशाला? मग कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवली. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं, आणि एकाच श्रमदानाचे फोटो दोन वेगळ्या वर्षांत पडतात. एक्झिफटूल या फोटोतली माहिती बदलायच्या प्रोग्रॅमने तेवढ्या फरकाने सगळ्या तारखा एकदम सरकवता येतात. पहिल्या फेरीत अख्ख्या फोल्डरला गडाचं नाव, दुसऱ्या फेरीत वस्तू, तिसरीत माणसं. एका फोटोला पाच ते आठ शब्द पुरे. जुन्या छापील फोटोंच्या स्कॅनवर स्कॅनची तारीख बसते. तिथे एक्सएमपीच्या निर्मितीच्या रकान्यात नुसतं ‘१९७८’ लिहिलेलं चालतं, महिना आणि दिवस कल्पनेने भरायची गरज नाही. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना ‘ओळख बाकी’. अंदाजाने नाव लावलेला फोटो बिननावाच्या फोटोपेक्षा वाईट, या मताशी आम्ही पूर्ण सहमत आहोत.

पण आभाराचं खरं कारण यातलं एकही नाही. काम संपल्यावर तुम्ही एक फोटो पेन ड्राइव्हवर घेतलात आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर गेलात. त्यावर यातलं कुठलंच सॉफ्टवेअर नव्हतं. फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि टॅगच्या ओळीत ‘टाके; रायगड’. “बघा, शब्द फोटोतच आहेत. माझा लॅपटॉप जळाला तरी चालेल,” एवढंच म्हणालात आणि पर्स उचललीत. काम देणाऱ्याला आपल्यावर अवलंबून ठेवायची संधी कुणी सहसा सोडत नाही. तुम्ही ती सोडलीत, वर सोडल्याची खात्रीही करून दाखवलीत. अशी माणसं कमी आहेत असं म्हणणार नाही. एक्झिफटूल २००३ पासून फिल हार्वे फुकट देत आले आहेत, डिजिकॅम स्वयंसेवक लिहितात. पण ती माणसं लांबची. आपल्या गावात, आपल्या खुर्चीवर बसून असं वागणारं माणूस भेटलं की जरा चुकल्यासारखं होतं, इतकी उलटी सवय लागली आहे.

तुमच्यानंतर हे काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी भिंतीवर लावल्या आहेत. डिजिकॅममध्ये टॅग फाइलमध्ये लिहिण्याची खूण आधी करायची. ती उशिरा केली असेल तर देखभालीच्या मेनूतून फाइली आणि डिजिकॅमचा डेटाबेस यांचा मेळ घालायचा, पण दिशा ‘डेटाबेसकडून फाइलकडे’. उलटी निवडली तर कोऱ्या फाइली डेटाबेसमधले शब्दच पुसू शकतात. आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलींचे शब्द शेजारच्या एक्सएमपी फाइलीत असतात, म्हणून हलवताना जोडी फोडायची नाही. लाइटरूम त्या फाइलीच्या नावातून रॉचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची प्रकाराची अक्षरं, काढतं, डिजिकॅम ते ठेवून पुढे एक्सएमपी जोडतं, त्यामुळे एकाची जोडी दुसऱ्याला आपोआप दिसेलच असं नाही.

बाहेर देण्याच्या प्रतींतून माणसांची नावं आणि जीपीएस काढायचं तुम्ही सांगितलंत, तेही पाळतो. उघड्यावरच्या वीरगळाचा आणि मूर्तीचा नेमका ठावठिकाणा सगळ्यांना कळावा अशी स्थिती नाही.

एक प्रश्न तेवढा अडला आहे. यादीत ‘चोर दिंडी: पाहा चोर दरवाजा’ असं आहे. पण नुसती ‘दिंडी’ म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, आणि शोधात दोन्ही एकत्र येतात. तुमचं उत्तर येईपर्यंत ‘दिंडी दरवाजा’ वेगळा ठेवला आहे.

आपले स्नेहांकित,
गडांचे फोटो सांभाळणारे आम्ही सगळे