चित्र छापायचे तर पूर्ण छापा

संपादक महोदय,

गुड फ्रायडेच्या पुरवणीत ख्रिस्ती कलेला वेदनेचे वेड असल्याची टीका वाचली. सोबत ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचा क्रुसावरचा येशू, तोही कमरेपर्यंतच छापलेला. मी ख्रिस्ती नाही, चित्रकलेतलाही नाही. जन्म कृषी खात्यात पिकांचे रोग पाहण्यात गेला. पण या चित्राचे आमच्या बाजरीशी नाते आहे, म्हणून लिहितो.

बाजरीवर अरगट पडला की कणसातून मधासारखा चिकटा सुटतो, मग दाण्यांच्या जागी बुरशीच्या काळपट गाठी धरतात. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवा, बियाणे बुडवा, तरंगेल ते काढून जाळा, असे आम्ही गावोगाव सांगायचो. या अरगटाने ओकाऱ्या होतात, गरगरते. युरोपात राय या धान्यावर पडणारा त्याचा भाऊबंद मात्र रक्तवाहिन्या आकसवतो. अंगाची आग होते, हातपाय काळे पडून झडतात. त्या रोगाला तिकडे ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. आजच्या फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात इझेनहाइमच्या मठात याच रोग्यांची शुश्रूषा होई आणि तिथल्या वेदीसाठी, उघडमिट करता येणाऱ्या लाकडी फळ्यांवर, 1512 ते 1516 च्या सुमारास हे चित्र काढले गेले.

मुलगी फ्रायबुर्गला असते, त्यामुळे तिथून जवळच्या कोल्मारच्या संग्रहालयात ते पाहता आले. येशूची कातडी हिरवट, अंगभर काटे रुतलेले व्रण. दुसऱ्या एका फळीच्या कोपऱ्यात पोट फुगलेला, फोडांनी भरलेला रोगी बसला आहे. तो देखणा करायच्या भानगडीत चित्रकार पडलेला नाही.

शिवाय त्या मठात ‘सोस, पुण्य लागेल’ एवढे सांगून कुणाला वाटेला लावत नसत. डुकराच्या चरबीतले मलम होते, सडलेला पाय कापणारे शस्त्रवैद्य होते, आणि चांगला, म्हणजे अरगट नसलेल्या धान्याचा, पाव मिळे. त्या पावाने उतार का पडतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते! दुःखाचे गोडवे गाणारी ख्रिस्ती चित्रे पुष्कळ आहेत, लेखकाचा राग अगदीच अस्थानी नाही. उदाहरण मात्र चुकले.

वेदीच्या फळ्या उघडल्या की आत मरणातून उठलेला येशू दिसतो. खिळ्यांच्या आणि भाल्याच्या खुणा तेवढ्या आहेत, बाकी कातडी स्वच्छ. पुढच्या पुरवणीत दोन्ही चित्रे पूर्ण छापावीत, ही विनंती.

– एक निवृत्त कृषी अधिकारी, धुळे